सामू चढला, सामू उतरला

मातीची कटकट नको म्हणून मी पाण्यातली शेती, म्हणजे हायड्रोपोनिक्स, घरात आणली. चिखल नाही, गांडुळं नाहीत, आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर कुंडीतलं लाल पाणी ठिबकायचं भय नाही. खोकं आलं. त्यात झाकणाला भोकं पाडलेला एक काळा टब, भोकांत बसणारे जाळीचे कप, भाजक्या मातीच्या गोळ्या, हवेचा पंप, ‘ए’ आणि ‘बी’ असं लिहिलेल्या खताच्या दोन बाटल्या आणि दोन पेनं. लिहिता एकानंही येत नाही. पिवळं पेन पाण्याचा पीएच, म्हणजे सामू, सांगतं (आकडा जितका लहान तितकं पाणी आंबट), निळं पेन पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगतं. सोबत एक माहितीपत्रक होतं. त्यात एक ओळ: ‘पीएच ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवावा.’

ठेवावा म्हणे. म्हणजे तो एका जागी राहतो असा छापणाऱ्याचा समज असावा.

आमची सोसायटी पुण्याच्या वेशीवर आहे. पत्त्यात पुणे, पाण्यात टँकर. टँकर रोज येतो, पण रोज एकाच बोअरचं पाणी आणीन असं काही त्यानं कबूल केलेलं नाही. सोमवारी पीएच ८.१, तर गुरुवारी ७.६. निळं पेन कधी ४५० दाखवतं, कधी ६२०. या पाण्यानं आमच्या बादल्यांच्या कडा पांढऱ्या केल्या, गीझर दोनदा आजारी पाडला, तरी आम्ही कधी तक्रार केली नाही. पण पालकाच्या मुळांनी पहिल्याच आठवड्यात असहकार पुकारला.

बरं, आठ आणि सहा यांत फरक दोनाचा वाटतो, तो असतो शंभरपटीचा. पीएचची मोजपट्टीच तशी आहे, एक पायरी म्हणजे दहापट. ही पट्टी १९०९ साली सोरेन सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. कार्ल्सबर्ग म्हणजे तेच, बिअरवाले. हे कळल्यापासून माझ्या प्रयोगांबद्दल नवऱ्याचं मत एकदम सुधारलं आणि शास्त्राच्या मूळ परंपरेशी इमान राखण्याची भाषा तो दर शनिवारी करू लागला.

आठाचा सहा करायला ‘पीएच डाउन’ची छोटी बाटली असते. आत फॉस्फरिक ॲसिड. थेंब टाकायचे, ढवळायचं, पेन बुडवायचं. रात्री झोपण्यापूर्वी ६.० वर आणून मी समाधानानं दिवा मालवायची. सकाळी ७.४. पुन्हा थेंब, पुन्हा सहा, दुपारी पुन्हा सात. मला वाटलं घरातलं कुणीतरी चेष्टा करतंय. कारण मात्र पाण्यातच होतं. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट ठासून भरलेलं असतं. ते आपण घातलेलं आम्ल निमूट गिळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पीएच उतरलेला दिसतो. मग हवेचा पंप रात्रभर बुडबुडे काढून तो वायू बाहेर हाकलतो आणि पीएच चढतो. म्हणजे माझ्यावर पाळत ठेवून माझंच काम उलटवणारा तो पंप मीच विकत आणला होता आणि त्याच्या विजेचं बिलही मीच भरत होते. त्यात झाडंही सामील. ती नायट्रेट खातात आणि त्याच्या बदल्यात पाण्यात अल्कली सोडतात. ज्यांच्यासाठी उठाठेव करायची, तेच शत्रूला फितूर.

अशात पालकाची शेंड्याकडची पानं पिवळी पडली. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि ‘कावीळ’ असं निदान केलं. मी निफाडला दादाला फोन लावला. दादाची द्राक्षबाग आहे. तो सहसा आधी पोरांची चौकशी करतो, पण विषय कळताच म्हणाला, “पाण्याचा सामू किती?”

“साडेसात. कधी आठ.”

“मग दुसरं काय होणार? कोवळी पानं पिवळी न् शिरा तेवढ्या हिरव्या?”

“हो.”

“लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं पिवळी असती तर नत्र म्हटलं असतं. खतात लोह असणार गं, पण सामू चढला की मुळांना ते उचलताच येत नाही. चुनखडीच्या रानात आमच्या वेलींची हीच तऱ्हा होते. लागवड किती आहे तुझी?”

“अकरा.”

“एकर?”

“कप.”

पलीकडे बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला. मग दादानं सांभाळून घेतलं. फवारणीच्या पाण्याचा सामू ते सायट्रिक ॲसिडनं उतरवतात, पण फवारा मारला की त्यांचं काम संपतं. टबातल्या सायट्रिकवर जिवाणू ताव मारतात आणि सामू परत वर जातो, म्हणून लिंबू पिळण्याचा सासूबाईंचा प्रस्ताव त्यानं फोनवरच फेटाळला. सासूबाई म्हणाल्या, “द्राक्षवाल्याला पालकातलं काय कळतंय?” आणि लिंबू सरबताकडे वळवलं.

दादाचा सल्ला होता की पाणीच बदल. स्वयंपाकघरात आरओ आहेच. त्याचं पाणी निळ्या पेनात ४० दाखवतं. टब रिकामा केला, आरओच्या पाण्यानं भरायला घेतला. एक हंडा शुद्ध पाणी निघेपर्यंत मोरीत त्याहून जास्त पाणी जातं. ते बादल्यांत साठवून फरशी पुसायला वापरायचं ठरलं आणि त्या काळात आमची फरशी रुग्णालयाला लाजवेल इतकी स्वच्छ होती. “प्यायचं पाणी झाडांना आणि झाडांचं पाणी फरशीला,” सासूबाई म्हणाल्या, “मग आम्ही काय प्यायचं ते पण त्या पत्रकात लिहिलंय का?”

आरओच्या पाण्याचा स्वभाव अगदी उलटा. बोअरचं पाणी हट्टी, तर हे हलक्या कानाचं. त्यात बायकार्बोनेट नावालाच, त्यामुळे कुणी एक थेंब टाकून काही सांगितलं की लगेच पटतं. सवयीनं ड्रॉपर दाबला तर पीएच ४.१. घाबरून ‘पीएच अप’ टाकलं, त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड, तर ८.७. मग पुन्हा डाउन, पुन्हा अप. त्या रात्री मी झाडांना काय खायला घातलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन्ही बाटल्या अर्ध्या झाल्या आणि पालक होता तिथेच होता.

त्यात पेनावर भरवसा नाही. पीएचचं पेन मधून मधून जुळवून घ्यावं लागतं. ४.०१ आणि ६.८६ असे आकडे लिहिलेल्या पुड्या येतात. एकेक पुडी २५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची आणि पेनाला ती शिकवणी द्यायची. डिस्टिल्ड वॉटर घरात एकच, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं. शिवाय पेनाच्या टोकाची काचेची कुपी कायम ओली राहावी लागते. टोपण कोरडं राहिलं की ते आकडे मनचे सांगतं. तसा संशय एकदा आला म्हणून नवऱ्यानं उलटतपासणी घेतली. चिंचेच्या कोळात बुडवलं, चहात बुडवलं, शेवटी जेवणाच्या टेबलावर ताकात बुडवलं आणि जाहीर केलं, “साडेचार. बरोबर आहे, ताक आंबट आहे.”

सासूबाईंनी ताकाचं भांडं आपल्याकडे ओढून घेतलं. “ते मला जिभेनं कळतं,” त्या म्हणाल्या. “फुकट.”

खतांचं प्रकरण वेगळंच. ‘ए’ बाटलीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, ‘बी’मध्ये फॉस्फेट, सल्फेट आणि बाकीची मंडळी. दोघांना वेगळं का ठेवतात, हा प्रश्न नवऱ्याला पडला आणि दोन बाटल्या सांभाळायच्या कशाला म्हणून त्यानं मी बाजारात गेलेली पाहून दोन्ही एका बाटलीत ओतल्या. मी आले तेव्हा तळाशी दोन बोटं पांढरा गाळ. घट्ट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट समोरासमोर आले की त्यांचं जिप्सम होतं, मग ते खत म्हणून संपलं. खूप पाण्यात एकामागून एक, मध्ये ढवळून घातले तर दोघे गुण्यागोविंदानं राहतात. “भिंतीला लांबी करायला चालेल का?” नवऱ्यानं विचारलं. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

आणि खत घातल्यावर पीएच आपोआप थोडा उतरतो. म्हणून आधी खत, मग पीएच. उलट क्रमानं केलं की मूळ पदावर या.

किती खत, याचं उत्तर निळं पेन देतं असं म्हणतात. खरा आकडा असतो ईसीचा, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचा. पेन त्याला गुणून पीपीएम, म्हणजे पाण्याच्या दहा लाख भागांत क्षारांचे भाग किती, ते दाखवतं. कुठलं ५०० नं गुणतं, कुठलं ७०० नं. एकच पाणी एका पेनात ६०० आणि दुसऱ्यात ८४०, आणि दोन्ही पेनं खरं बोलताहेत. व्हिडिओतला मुलगा अमुक पीपीएम म्हणाला की आधी त्याचं पेन कुठल्या घराण्याचं ते शोधायचं. मी शेवटी ईसीवर आले. लेट्यूसला ०.८ ते १.२ पुरतो, पालकाला १.८ च्या पुढे लागतो. दोघं एकाच टबात. पालक खादाड, लेट्यूसचं पोट नाजूक. पालकाच्या मापानं वाढलं की लेट्यूसच्या पानांच्या कडा जळतात, लेट्यूसच्या मापानं वाढलं की पालक फिकट चेहरा करून बसतो. आणि टँकरच्या ६०० पीपीएमचा ईसी आधीच १.२. म्हणजे खताचा थेंबही न घालता लेट्यूसचं ताट भरलेलं, तेही नको त्या क्षारांनी. मी दीड धरला. दोघंही सारखीच नाराज आहेत.

सासूबाईंची तुळस या सगळ्याच्या शेजारीच आहे. तांदूळ धुतलेलं पाणी आणि कधी चहाचा चोथा, एवढ्यावर ती रेलिंगच्या वर गेलीय. तिचा सामू कुणी विचारलेला नाही. “माती आहे ना ती,” सासूबाई म्हणतात, “सगळं पोटात घालते.” मला हे आधी टोमणा वाटायचं. पुढे वाचनात आलं की कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी पाण्यात पंचवीस फुटी टोमॅटो वाढवून, १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ केलं, तेव्हा त्याच विद्यापीठातल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन यांनी सगळं तपासून १९३८ साली अहवाल दिला: चांगल्या मातीपेक्षा यात उत्पन्न काही खास जास्त येत नाही. हा अहवाल मी घरात अद्याप कुणाला दाखवलेला नाही. सासूबाईंना तर मुळीच नाही.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांची आठवणही चिकट आहे. टबातलं पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत होतात आणि बाल्कनीला गटाराचा वास येतो. त्यावर गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात सोडणं हा उपाय. फ्रीझरमधले सोललेले मटार आणि खवलेला नारळ हलवून तिथं पालकासाठी बर्फ करायला लागले, तेव्हा या घरात जावयासारखी बडदास्त नक्की कुणाची चाललीय हे सगळ्यांना कळून चुकलं. तेवढ्यानं मुळं पुन्हा पांढरी झाली, एवढंच लिहून पुढे जाते.

कारण पुढे मार्ग सापडला. निम्मं आरओ, निम्मं टँकरचं. थोडा हट्ट, थोडा हलका कान. या मिश्रणात पीएच उतरवला की लगेच उसळी मारत नाही आणि एका थेंबात पाताळातही जात नाही. ५.८ वर आणायचा, तो हळूहळू चढत ६.४ ला पोचला की पुन्हा खाली ओढायचा. दरम्यान पेनाला हात लावायचा नाही, हे सर्वांत अवघड. पाणी कमी झालं आणि ईसी चढला तर नुसतं पाणी घालायचं, ईसी उतरला तर खत. ही कृती मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली. कोवळी पानं हिरवी आली. एका रविवारी पालकाची पातळ भाजी झाली, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून. पातेल्यात डाळ जरा जास्त दिसत होती हे खरं, पण पालक होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, “मीठ कमी आहे.” नवरा निळं पेन आणायला उठला, त्याला खाली बसवलं.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला. इतक्या वर्षांच्या प्रयत्नांना यश, उद्यापासून टँकर बंद, धरणाचं पाणी थेट नळाला. खाली फटाके वाजले. दोघी-तिघी तर गेटवर नारळ घेऊन उभ्या. धरणाचं पाणी म्हणजे पावसाचं. त्यात क्षार कमी, बायकार्बोनेट कमी, स्वभाव अनोळखी. फ्रिजवरचा कागद एका निरोपात रद्दी झाला. मी पिवळं पेन घेऊन तशीच खाली धावले. सेक्रेटरी पेढ्यांचा डबा घेऊन नव्या व्हॉल्व्हपाशी उभे होते.

“याचा सामू किती आहे, चौकशी केली का तुम्ही?” मी विचारलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “पेढा घ्या.”