‘इमर्जन्सीत दुर्बीण नको’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

“पोटाची इमर्जन्सी असेल तर दुर्बिणीच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. वेळ जातो, आतलं नीट दिसत नाही, सूज असताना हात लावायचा नसतो आणि शेवटी पोट उघडावंच लागतं.” असा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. (दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून त्यांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून केलेलं ऑपरेशन.) त्यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

वेळेचं आधी. अपेंडिक्स किंवा सुजलेल्या पित्ताशयात तयारीची जास्तीची दहा-पंधरा मिनिटं काही बिघडवत नाहीत. ती महागात पडतात पोटात रक्तस्राव होऊन बीपी कोसळलेल्या रुग्णाला. त्याला दुर्बीण नकोच, पण निव्वळ वेळेमुळे नव्हे. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून साधारण 12 ते 15 मिमी पाऱ्याइतका दाब ठेवतात. त्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि शॉकमधल्या शरीराला ते झेपत नाही. संदेशात एवढंच लिहिलं असतं तर वादच नव्हता.

“आतलं दिसत नाही” हे मात्र साफ उलटं. अपेंडिक्ससाठी उजवीकडे खाली छोटा छेद घेतला, तर त्यातून यकृताखालचं किंवा डावीकडचं काय दिसणार? तरुण स्त्रीच्या उजव्या ओटीपोटात दुखतं तेव्हा ते अपेंडिक्स असेल, पीळ पडलेला बीजकोश असेल किंवा बीजनलिकेत रुजलेला गर्भ. बेंबीतून गेलेला कॅमेरा तिन्ही जागा बघतो. जठराचा अल्सर फुटलेला निघाला, तर बहुतेकदा त्याच छिद्रांतून टाके घालून पोट धुता येतं. अपवाद अडलेल्या, फुगलेल्या आतड्याचा: आत जागाच उरत नाही, हत्यार आतड्यात घुसायची भीती असते. तिथे रुग्ण निवडूनच घ्यावे लागतात.

सुजलेल्या पित्ताशयाला सहा आठवडे थांबवायचं, ही जुनी पद्धत. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 600हून जास्त रुग्णांच्या जर्मनीतल्या चाचणीत भरती झाल्यापासून 24 तासांत दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्यांना थांबवलेल्यांपेक्षा त्रास कमी झाला. (1980 साली जर्मनीतल्याच कील शहरात कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळीच त्याच्यावर तुटून पडली होती!)

राहिलं पोट उघडणं. कधी कधी उघडावं लागतं: चिकटलेले अवयव वेगळे ओळखू येईनात, रक्त थांबेना. वेळीच तसं ठरवणारा सर्जन हरलेला नसतो. दुर्बिणीचा हट्ट धरून पित्तनलिका कापणारा खरा धोकादायक.