‘सबसिडी बंद झाली की खेळ खलास’: जरा हिशेब मांडून बघू

सौर पॅनेल किंवा इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: सौर, ईव्ही, एलईडी हा सगळा सबसिडीचा बाजार, सरकारने नळ बंद केला की कंपन्या गाशा गुंडाळणार, खरंच परवडत असतं तर सरकारला मध्ये पडावंच लागलं नसतं, आणि या कंपन्या नवीन काही करत नाहीत, महागडी वस्तू हप्त्याने गळ्यात मारतात.

यातला एलईडीचा उल्लेख वाचून मला हसू आलं, कारण तिथे मेसेज लिहिणाऱ्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी पोचवणारी ‘उजाला’ योजना जानेवारी 2015 मध्ये देशभर सुरू झाली. ती राबवणारी ईईएसएल ही सरकारी वीज कंपन्यांनी मिळून काढलेली कंपनी. बल्बवर सरकारी अनुदान नव्हतं. ईईएसएलने कोट्यवधी बल्बांची मागणी एकत्र करून वारंवार निविदा काढल्या, आणि 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांच्या आसपास असलेली बल्बची खरेदी किंमत 2016 मध्ये 38 रुपयांवर आली. ग्राहकाने विजेचं बिल आणि दहा रुपये घेऊन काउंटरवर जायचं, बल्ब घ्यायचा. उरलेली रक्कम पुढच्या बिलांतून वळती व्हायची. वसुलीसाठी वेगळा माणूस नेमायला नको, कारण बिल भरावंच लागतं. 36 कोटींहून जास्त बल्ब या योजनेतून घरोघरी गेले. जगभर एलईडी स्वस्त होतच होते, पण आपल्याकडची घसरण त्याहून बरीच तीव्र होती, आणि तिचं मोठं श्रेय या खरेदी-विक्रीच्या पद्धतीला जातं.

आता नळ बंद करण्याचं. हा प्रयोग होऊन गेला आहे. केंद्राच्या फेम-2 योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तासामागे 15,000 रुपये अनुदान मिळे, कमाल मर्यादा गाडीच्या किमतीच्या 40 टक्के. जून 2023 पासून ते 10,000 रुपये आणि 15 टक्क्यांवर आणलं. मे महिन्यात एक लाखावर गेलेली विक्री जूनमध्ये निम्म्याहून खाली घसरली. मेसेजवाल्यांनी तेव्हा टाळ्या पिटल्या. पुढचं मात्र कुणी पाठवलं नाही. 2023 मध्ये सुमारे 8.6 लाख इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या, 2024 मध्ये साधारण साडेअकरा लाख. कंपन्यांनी लहान बॅटरीची स्वस्त मॉडेलं आणली, किमती उतरवल्या. अनुदान पूर्ण गेलं नव्हतं, हेही सांगायला हवं. पण नळ बारीक झाला म्हणून कुणी घागर टाकून पळालं नाही.

खासगी इलेक्ट्रिक कारला तर फेम-2 मधून काहीच मिळत नव्हतं. चारचाकीत ते फक्त व्यावसायिक वाहनांसाठी होतं. जीएसटी 5 टक्के आणि महाराष्ट्रात मोटार वाहन करातली सूट, या सवलती आहेत. तरी सप्टेंबर 2024 मध्ये आलेली एमजीची विंडसर काही महिने देशात सर्वाधिक खपणारी इलेक्ट्रिक कार ठरली, त्यामागे विक्रीची एक युक्ती होती. तेव्हा गाडी पूर्ण घेतली तर किंमत साडेतेरा लाखांपासून होती. बॅटरी भाड्याने घेतली तर 9.99 लाख, आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये भाडं. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे एक लाख किलोमीटरला भाड्यातून तेवढेच पैसे जात. चार्जिंगचा खर्च निराळा. खूप फिरणाऱ्याला पूर्ण किंमत मोजणं बरं. ज्याला सुरुवातीच्या रकमेची धास्ती आहे त्याला भाडं बरं. बॅटरी मात्र दोघांची तीच आहे.

‘परवडत असतं तर सरकार कशाला?’ हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो, म्हणून तिथे थोडं थांबू. शेतीच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी 10 टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी 5 टक्के, बाकी सरकार. याला बाजार म्हणता येणार नाही. पण साध्या विजेवर चालणारा पंप काय स्वतःच्या पायावर उभा आहे? साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल 2024 पासून राज्य सरकार भरतं, आणि त्याआधीही शेतीच्या स्वस्त विजेचा भार कारखान्यांच्या दरात घातलेला होताच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी विकासक उपकेंद्राजवळ प्रकल्प उभारतो, जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ मिळते, आणि महावितरण ती वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास विकत घेते. या प्रकल्पांनाही केंद्राची मदत आहे. पण इथे अनुदानावर चालणाऱ्या पंपाला स्वस्त वीज मिळते, म्हणजे सरकारचा पुढचा खर्च कमी होतो. शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येतं, ते वेगळंच.

आणि विजेच्या दराला अनुदानाचा टेकू नसताना दर पडल्याचं उदाहरण हवं असेल तर मध्य प्रदेशातलं रीवा घ्या. फेब्रुवारी 2017 मध्ये 750 मेगावॉटच्या सौर प्रकल्पाच्या लिलावात पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2.97 रुपये निघाला. वर्षभरापूर्वी राजस्थानातला 4.34 हा विक्रम होता. पॅनेल या काळात स्वस्त झाली, पण तेवढ्यानेच हे झालं असं म्हणणं पटत नाही. रीवात व्यवहार्यता तूट निधी, म्हणजे न परवडणाऱ्या प्रकल्पाची तूट भरून देणारा सरकारी पैसा, नव्हता. सगळी हुशारी करारात होती. जमीन आणि वाहिन्यांची सोय आधीच करून दिली. वितरण कंपन्या बिलं थकवतात ही गुंतवणूकदाराची खरी भीती. तिच्यावर पतपत्र (पैसे देण्याची बँकेची हमी), त्यामागे देयक सुरक्षा निधी (थकलेली बिलं भरायला राखून ठेवलेला पैसा) आणि त्याही मागे राज्याची हमी अशी तिहेरी तटबंदी उभारली. शिवाय काही वीज दिल्ली मेट्रोने घेतली, म्हणजे वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक. कर्ज देणाऱ्या बँकेची धास्ती गेली की व्याज उतरतं, आणि सौर प्रकल्पात खर्च जवळजवळ सगळा आधीच करायचा असल्याने व्याज उतरलं की दर उतरतो.

राहिलं हप्त्याने गळ्यात मारणं. छतावरच्या सौर प्रकल्पांचं केंद्रीय अनुदान घरगुती ग्राहकांसाठी आहे. कारखान्यांना ते नाही. तरीही चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर पॅनेल दिसतात. अनेक ठिकाणी कारखान्याने एक पैसाही गुंतवलेला नसतो. पॅनेल सौर कंपनीचं, देखभाल तिची, आणि कारखाना 15 ते 25 वर्षांच्या करारावर महावितरणच्या दरापेक्षा कमी भावाने युनिट विकत घेतो. शेतीचा बोजा वाहून महाग झालेला औद्योगिक दर इथे सौर कंपनीच्या पथ्यावर पडतो. वीज कमी निघाली तर नुकसान कंपनीचं, त्यामुळे पॅनेल धुण्याची काळजी तीच वाहते. याला हप्ता म्हणायचं तर म्हणा, पण वस्तू बिघडली की विकणाराच बुडतो असा हप्ता मला तरी दुसरा माहीत नाही.

असे करार कोसळतातही, आणि मेसेजने खरं तर तिकडे बोट दाखवायला हवं होतं. इलेक्ट्रिक टॅक्सीच्या ब्लूस्मार्टकडच्या गाड्यांपैकी हजारो जेनसोल इंजिनिअरिंगच्या नावावर होत्या, आणि त्यांच्यासाठी कर्ज इरेडा व पीएफसी या सरकारी वित्तसंस्थांचं होतं. एप्रिल 2025 मध्ये सेबीने अंतरिम आदेशात जेनसोलच्या प्रवर्तकांवर कर्जाचा पैसा इतरत्र वळवल्याचा ठपका ठेवला, आणि त्याच आठवड्यात ब्लूस्मार्टची सेवा थांबली. गाड्या होत्या, प्रवासीही होते, बिघडला तो पैशाचा व्यवहार. म्हणून छतावर कंपनीचं पॅनेल बसवून घेताना मी अनुदानाच्या आधी करारातलं एवढं वाचेन: पॅनेल कुणाच्या नावावर, त्यावर कर्ज कुणाचं, कंपनी विकली गेली तर करार कुणाशी, इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च कुणाचा, आणि मध्येच प्रकल्प विकत घ्यायचा झाला तर कोणत्या वर्षी किती पैसे द्यायचे.