खुलासा: ती गुणगुण यंत्राची नव्हे, मधमाश्यांचीच

रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोवच्या एका ऑपेरातल्या (संगीत नाटकातल्या) ‘फ्लाइट ऑफ द बम्बलबी’ (भुंग्याचं उड्डाण) या धूनचं फ्रेंच संगीतकार झाँ-जाक पेरेनं केलेलं खट्याळ इलेक्ट्रॉनिक रूप सध्या ‘मूग सिंथेसायझरनं (विजेवर स्वर तयार करणाऱ्या वाद्यानं) मधमाशीची हुबेहूब नक्कल केली’ अशा ओळीसह फिरतंय. ते चूक आहे. घोळ बहुधा ही धून ज्यात आहे त्या १९७०च्या अल्बमच्या नावामुळे झाला असावा, कारण ते आहे ‘मूग इंडिगो’. पेरेनं खऱ्या मधमाश्यांची गुणगुण टेपवर घेतली, टेपचा वेग कमीजास्त करून त्यातून हवे ते स्वर मिळवले आणि मग एकेका स्वराचा तुकडा ब्लेडनं कापून चिकटवत अख्खी चाल जुळवली. संगणक नाही, सॅम्पलर (ध्वनी साठवून हव्या त्या स्वरात वाजवणारं यंत्र) तर नाहीच. मूळ ऑपेरात मात्र राजपुत्राचा भुंगा होतो. पेरेनं काम मधमाश्यांवर भागवलं!