गोडबोल्यांच्या घरी अ‍ॅलेक गिनेस

माझं माहेर गोडबोले. त्यामुळे अ‍ॅलेक गिनेस या इंग्रज नटाशी माझी ओळख भांडणानेच झाली.

१९८६ ची मे महिन्याची सुट्टी. तेव्हा व्हीसीआर भाड्याने मिळायचा. एक रात्र, तीन कॅसेट, आणि सकाळी नऊच्या आत परत. दोन हिंदी सिनेमे आमच्यासाठी आणि तिसरा बाबांचा. दिग्दर्शक डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये प्रोफेसर नारायण गोडबोले नावाचं पात्र आहे, हे त्यांना बँकेत कुणीतरी सांगितलं होतं. मग काय, काका-काकू, आत्या, शेजारचे दोघे, सगळे सतरंजीवर. इंग्रजी सिनेमात गोडबोले म्हणजे काय चेष्टा आहे!

आणि गोडबोले आले, म्हणजे गोडबोले झालेला गिनेस. तोंडाला तपकिरी रंग, कपाळावर गंध, गूढ हसू, मानेचे हेलकावे. दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग काकू म्हणाली, "आपल्यातले नाहीत हो हे." बाबा पंख्याखाली जाऊन झोपले. सिनेमा मी एकटीने संपवला.

पुढे कॉलेजात ई. एम. फॉर्स्टरची मूळ कादंबरी वाचली आणि बाबांचा राग मलाही आला. फॉर्स्टरने लिहिलेला गोडबोले युरोपियनाइतका गोरा आहे, त्याचे डोळे निळसर करडे आहेत. डोक्याला फिकट जांभळं पागोटं, अंगात कोट, धोतर, पायात मोजे. अहो, हा तर आमचा अप्पाआजोबा! घारा, गोरा कोकणस्थ. हे फॉर्स्टरने कल्पनेने रंगवलेलं नव्हे. १९२१ मध्ये तो देवास संस्थानच्या थोरल्या पातीत, तुकोजीराव पवारांकडे खासगी सचिव होता. मराठी दरबार, तिथली गोकुळाष्टमी, भजनं, गुलाल हे सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले देवळात उभा असतो आणि तुकारामाचं नाव घेत भजन चाललेलं असतं. सिनेमात तो शेवट काश्मीरच्या देखाव्यात गेला. तुकाराम गेला, गोकुळाष्टमीही गेली.

आणि गंमत बघा. गिनेसचे स्वतःचे डोळे निळे होते. रंग गोरा. देवाने गोडबोल्याचा अर्धा मेकअप जन्मतःच करून पाठवला होता, तो पुसून त्यावर तपकिरी थर चढवला!

एवढं सगळं सांगून आता कबूल करते की गेली वीसेक वर्षं मी या माणसाच्या प्रेमात आहे. त्याचे सिनेमे हुडकून हुडकून पाहिलेत. म्हणूनच गोडबोले अजून खुपतो. ज्याचं काम आवडत नाही त्याच्यावर चाळीस वर्षं कोण रागावेल?

जन्म लंडनचा, २ एप्रिल १९१४. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा कोरी. चौदाव्या वर्षापर्यंत त्याची तीन आडनावं होऊन गेली होती. आडनावावरून गाव, जात, कुळाचार, पाहुणचारातला लाडू कुठला इथपर्यंत ओळखणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना याचा अर्थ चटकन कळेल. हा माणूस कुणीही होऊ शकत होता, कारण तो नक्की कोण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जाहिरात कंपनीत मजकूर लिहायची नोकरी केली, मग नाटकात शिरला. नामवंत नट जॉन गिलगुडने १९३४ च्या आपल्या 'हॅम्लेट'मध्ये त्याला ऑस्रिकचं छोटं काम दिलं. युद्धात नौदलात गेला आणि सिसिलीवर सैन्य उतरवणारी बोट त्याने सांभाळली.

सिनेमा त्यानंतरचा. १९४६ मध्ये लीनच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला हर्बर्ट पॉकेट, आणि दोनच वर्षांत त्याच लीनकडे 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला म्हातारा ज्यू फेगिन. चौतीस वर्षांचा माणूस, ओळखूच येत नाही. पण नाकावर जे भलंमोठं नाक चिकटवलं होतं ते जुन्या पुस्तकातल्या चित्रांबरहुकूम, ज्यूंची टर उडवणारं. युद्ध संपून तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये ज्यू लोकांनी सिनेमाविरुद्ध निदर्शनं केली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत लागला नाही आणि लागला तेव्हा कापून लागला. म्हणजे दुसऱ्याचं नाक लावताना काय होतं, हे गिनेस आणि लीन दोघांनाही पुरतं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, परत लागेल.

आता आनंदाचा भाग. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९. उमरावाच्या खानदानातल्या वारसांना एकेक करून संपवणाऱ्या तरुणाची गोष्ट, आणि मरणारं ते सगळं खानदान एकट्या गिनेसचं. त्याला चार भूमिका देऊ केल्या होत्या, त्याने आठ मागून घेतल्या. त्यात एक बाईसुद्धा, लेडी अगाथा. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला पुरुषाने केलेल्या बाईचं अप्रूप नाही, आणि 'तो मी नव्हेच'मध्ये फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका बघितलेल्याला आठाचंही फार नाही. पण त्यात चर्चमधलं एक दृश्य आहे. अंत्यविधीला खानदान जमलंय आणि एकाच चौकटीत सहा गिनेस बसलेत. तेव्हा संगणक कुठला! छायाचित्रकार डग्लस स्लोकोमने कॅमेरा जागचा हलणार नाही असा पक्का केला, भिंगासमोरचा बाकीचा भाग झाकून एका गिनेसचं चित्रण केलं, फिल्म उलटी गुंडाळली, पुढचा भाग उघडला, पुन्हा चित्रण. प्रत्येक वेळी नवा मेकअप. रात्री कुणाचा धक्का लागायला नको म्हणून स्लोकोम कॅमेऱ्याशेजारीच झोपला. मी ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलंय. सहा जण सहा तऱ्हेने कंटाळलेले आहेत.

मग 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मधला सोनं पळवणारा बँकेतला कारकून (माझी सगळ्यात आवडती भूमिका), 'द मॅन इन द व्हाइट सूट', 'द लेडीकिलर्स'मधले ते भयंकर दात. इंग्रजाने इंग्रजांची केलेली टिंगल. उमराव, पाद्री, सेनापती, कारकून, सगळे त्याच्या आळीतले. मुखवटा कितीही चढवला तरी आतला माणूस त्याला पाठ होता.

पण ज्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं त्यात मुखवटा जवळजवळ नाहीच. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय', १९५७. चित्रण सिलोनला. जपानी छावणीतला कर्नल निकल्सन. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या खोपटात त्याला कोंडून ठेवलंय. दार उघडतं, त्याला कमांडरपुढे न्यायचं आहे. तो चालायला लागतो. गुडघे ऐकत नाहीत, पाय भलतीकडे पडतात, पण खांदे ताठ. सैनिक बघताहेत, म्हणून पडायचं नाही.

ती चाल त्याने आपल्या मुलाची घेतली होती. मॅथ्यू अकरा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला, कमरेखाली लुळा पडला. त्या दिवसांत गिनेस कामावरून येता येता एका कॅथलिक चर्चमध्ये जाऊन बसायचा. तिथे तो बोलला की पोरगं बरं झालं आणि त्याला कॅथलिक व्हावंसं वाटलं तर मी आड येणार नाही. नवसच की हा! पोरगं हिंडूफिरू लागलं. पुढे १९५६ मध्ये बाप स्वतःच कॅथलिक झाला. त्या पोराचं लटपटत चालणं त्याने मनात कुठेतरी घडी घालून ठेवलं होतं, ते सिलोनच्या उन्हात बाहेर काढलं. पात्राची चाल सापडली की पात्र सापडतं, अशी त्याची रीत होती. कितीदा वाचलं होतं हे. पण मॅथ्यूचं कळल्यानंतर ते दृश्य मला एका दमात बघता आलेलं नाही.

साठच्या दशकाबद्दल फार लिहीत नाही. 'ट्यून्स ऑफ ग्लोरी' जरूर बघा. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये राजपुत्र फैजल, पुन्हा तोच रंग. १९७७ चं 'स्टार वॉर्स' तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. माझा भाचा त्यातल्या गिनेसला 'लाइटसेबरवाले आजोबा' म्हणतो. गिनेसला नफ्यात सव्वादोन टक्के मिळाले आणि म्हातारपणाची ददात मिटली. पण त्या सिनेमाचं कौतुक त्याला सोसवेना. शंभराच्या वर वेळा बघितला म्हणणाऱ्या एका मुलाला त्याने सांगितलं, पुन्हा बघू नकोस. मुलगा रडला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मला ते वाचून गिनेसचाच राग आला होता. पोराला काय रडवायचं!

मग १९७९. बीबीसीवर सात भागांची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'. निवृत्त हेर जॉर्ज स्मायली. गिनेस पासष्टचा. मूळ कादंबरीच्या लेखकाने, जॉन ल कारेने, त्याला हेरखात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याबरोबर जेवायला नेलं. हा जेवला कमी, बघत जास्त बसला. आणि पडद्यावर काय केलं? जाड चष्मा, ओव्हरकोट, आणि बस. समोरचा बोलतो, हा ऐकतो. आपल्याकडे स्थळं बघायला आलेले काही वडीलधारे असतात बघा, काहीच विचारत नाहीत आणि मुलीकडचेच घाबरून सगळं सांगून टाकतात. तसं. सात भागांत त्याने आवाज चढवल्याचं मला एकदाही आठवत नाही. चिकटवलेलं नाक नाही, दात नाहीत. जन्मभर अंगावर चढवलेलं सगळं एकेक उतरवून ठेवलं आणि शेवटी हा उरला.

आणि त्यानंतर पाच वर्षांनी गोडबोले! इथेच माझं भांडण आहे. 'तेव्हा चालायचं' हे मला पटत नाही. त्याच सिनेमात व्हिक्टर बॅनर्जी आहे, सईद जाफरी आहे, वकील अमृतरावाच्या भूमिकेत रोशन सेठ आहे. दोनच वर्षांपूर्वी अॅटनबरोने 'गांधी'मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांचं काम डॉ. श्रीराम लागूंना दिलं होतं. गोखल्यांना लागू मिळतात आणि गोडबोल्यांना मिळत नाहीत? फेगिनचं नाक विसरला कसा हा माणूस? स्मायलीसाठी एका जेवणात जे टिपलं, ते इथे टिपायला कुणी गोडबोले भेटलाच नसावा. त्याने गोडबोल्याचा नाचही बसवला होता. लीनने संकलनात तो काढून टाकला. गिनेस फार दुखावला. सहा सिनेमांची जोडी तिथेच संपली.

तरी एक कबुली. सिनेमातल्या म्हाताऱ्या इंग्रज पाहुण्या मिसेस मूरची गाडी रात्री स्टेशनातून निघते, तेव्हा गोडबोले दूर उभा राहून हात वर करून तिला निरोप देतो. शब्द नाही. तेवढ्या क्षणापुरता रंग दिसत नाही मला.

बाबा आता एकोणनव्वदचे आहेत. या दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा त्यांना 'लिटल डॉरिट' लावून दिला, १९८७ चा, क्रिस्टीन एडझार्डचा, सहा तासांचा. रोज तासभर, चहाबरोबर. गिनेस त्यात विल्यम डॉरिट, कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात म्हातारा झालेला आणि तिथेही यजमानासारखा मिरवणारा. बाबांना मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. या डॉरिटच्या नावावर मोठी इस्टेट आहे हे हुडकून काढतो तो पँक्स नावाचा वसुलीवाला, धापा टाकत, केस पिंजारलेला, अस्सल डिकन्सचा लंडनकर. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा वर केला आणि पडद्याजवळ गेले.

"अगं, हा तर आपला अमृतराव वकील!"

रोशन सेठच तो, जन्म पाटण्याचा. बाबांनी ते दृश्य मला दोनदा मागे घ्यायला लावलं.