मॉडेल असू दे, टन किती?

परवा एक काका घरी आले होते. रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर, निम्मं आयुष्य बल्लारशा-वर्धा पट्ट्यात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेलं. मोठ्या हौसेने त्यांना माझा लेआउट, म्हणजे घरात मांडलेली मॉडेल रेल्वे, दाखवली. एचओ स्केल, म्हणजे सगळं खऱ्याच्या ८७ वा भाग. इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. चष्मा वर करून थेट बॉक्सएनच्या, म्हणजे वरून उघड्या मालडब्यांच्या, रेकवर (अख्ख्या रांगेवर) वाकले. त्यात मी लोहखनिज भरलेलं, काठोकाठ, वर शीग लावून, लालभडक एकदम.

"किती टन भरलंय रे यात?"

म्हटलं काका, मॉडेल आहे ते. "मॉडेल असू दे, टन किती?"

मग बसून हिशोब केला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. बॉक्सएनच्या पोटात जागा साधारण ५६ घनमीटर, आणि मूळ डिझाइनप्रमाणे माल घ्यायचा ५८ टनांच्या आसपास (पुढे काही मार्गांवर थोडा वाढवून दिला, पण थोडाच). लोहखनिज घनमीटरला अडीच टन धरा. म्हणजे माझ्या वॅगनीत १४० टन! काका म्हणाले, "वेब्रिजच्या वजनकाट्यापर्यंत कशाला जाते, माल भरायच्या साइडिंगातच बसली असती."

तेव्हापासून मी लोकांच्या लेआउटवर हेच बघत सुटलोय आणि खरं सांगतो, दहातले नऊ जण माझ्यासारखेच. डब्याला काठ आहे ना, मग काठापर्यंत भरा. अहो, खरी वॅगन वजनाने भरते, जागेने नाही! लोहखनिजाची गाडी वरून बघा, डबा अर्ध्याच्याही खाली भरलेला असतो, बाजूने बघाल तर वाटेल रिकामीच चाललीय. कोळसा घनमीटरला टनाच्या जरा खाली, म्हणून तो मात्र काठावर येतो आणि वर शीगही लागते. स्टीलच्या कॉइलची (पत्र्याच्या गुंडाळीची) तर मजाच, एकेक मोठं कॉइल वीस-पंचवीस टनांचं, त्यामुळे अख्ख्या वॅगनीवर दोन किंवा तीन, बाकी सगळी मोकळी जागा. ती मोकळी जागा बघवत नाही म्हणून आपण चौथं ठेवतो आणि तिथेच सगळं खोटं होतं.

आपल्याकडे मॉडेलवाल्यांची भांडणं कशावरून, तर गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, ८७ ने भागला की १९ च्या वर जातो आणि बाजारातला ट्रॅक १६.५ चा. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात आणि त्यांच्याच वॅगनीत फिश टँकमधली खडी!! लेआउट आपण कायम वरून बघतो, स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून मालगाडी बघावी तसा. तिथून चाकं दिसत नाहीत, बोगी (चाकांचा सांगाडा) दिसत नाही, दिसतो तो माल. तरी सगळा पैसा इंजिनावर.

आता कोळशाबद्दल जरा सविस्तर, कारण आम्ही चंद्रपूरकडचे, कोळसा बघतच मोठे झालो. एक तर ढिगाचा आकार. सायलोखालून (कोळशाच्या उंच टाकीखालून) गाडी हळूहळू सरकत भरली असेल तर डब्याच्या लांबीभर एकसारखा वरंबा येतो, प्रत्येक डब्यात तसाच. साइडिंगला पेलोडरने (पुढे मोठं खोरं असलेल्या यंत्राने) भरली असेल तर तीन-चार वेगवेगळे ढीग, मध्ये खळगे, एखादा ढीग पलीकडच्या भिंतीला टेकलेला. आणि गाडी शे-दोनशे किलोमीटर हादरत गेली की टोकं बसतात, त्यामुळे सुळक्यासारखे ढीग करू नका, ते रांगोळीचे वाटतात. अजून एक, भरलेल्या कोळशावर चुन्याचं पाणी मारतात, का तर वाटेत कोणी कोळसा उतरवला तर पांढऱ्यात काळा खड्डा लगेच दिसावा. जुना टूथब्रश पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकमध्ये बुडवून अंगठ्याने फर्रकन उडवायचा, बास. एवढ्या एका गोष्टीने माझी रेक खेळण्यातली राहिली नाही असं माझं मत.

साहित्य खराच दगडी कोळसा घ्या. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा चालत नाही, तो मेलेला दिसतो, दगडी कोळशाला ती बारीक चमक असते. फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडायचा, मग चहाच्या गाळणीतून चाळायचा. खऱ्या १०० मिमीच्या ढेकळाचा आपल्या स्केलमध्ये जेमतेम १.१५ मिलिमीटर होतो, त्यामुळे गाळणीत वर राहिला तो फेकायचा आणि खाली पडला तो ठेवायचा. (गाळणी नवीन आणा. घरातली नको. का ते विचारू नका.)

खाली थर्माकोलचा ढीग कापून घ्यायचा, त्याला काळा रंग द्यायचा, त्यावर पाणी घातलेलं फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब म्हणजे ते नीट मुरतं. रंग मात्र ब्रशने. मी शहाणपणा करून स्प्रे मारला होता, अर्ध्या मिनिटात आठ ढीग डोळ्यादेखत वितळून जाळी झाली, रविवारची दुपार गेली. आणि लोड वॅगनीत चिकटवून टाकू नका. थर्माकोलच्या आत लोखंडी वॉशर दडवा, वरून लोहचुंबक धरला की ढीग अलगद उचलला जातो. कारण कोळसा खाणीकडून वीजकेंद्राकडे जातो आणि परत येते ती एम्प्टी, दोन्हीकडून भरलेल्या गाड्या पळवणारे लेआउट बघितले की मला विचारावंसं वाटतं हा कोळसा नक्की जाळतंय कोण. एम्प्टीच्या आतही काम आहे, तळाला गंज, कोपऱ्यात ओला होऊन चिकटलेला चुरा. वॉशरचा अजून एक फायदा म्हणजे वजन, पाच इंची डबा शंभर ग्रॅमच्या आसपास असला की पॉइंटवर (रूळ बदलतो तिथे) उडत नाही.

सध्या हात घातलाय कोकण रेल्वेच्या रोरोला. १९९९ पासून कोलाडहून ट्रकच्या ट्रक सपाट वॅगनीवर चढवून गोव्याकडे नेतात, ड्रायव्हर-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून. यात तर लोडचाही लोड करायचाय, वॅगनीवर ट्रक आणि ट्रकवर ताडपत्री. पहिली ताडपत्री टिश्यू पेपरची केलीय, फेविकॉलमध्ये भिजवून, वरून शिवणाचा दोरा ओढलाय, आत्ता खिडकीत वाळतेय. काकांना फोटो पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, "ट्रकमध्ये काय भरलंय?"

कोलाडला पुलावरून, म्हणजे वरून काढलेले रोरोचे फोटो कोणाकडे असतील तर पाठवा रे.