बनी तो बनी

31 जुलै 2024, बुधवार. एका रुपयातला पीक विमा भरायची शेवटची तारीख. सेंटरपुढची रांग बघितली आणि म्हटलं, आपलं सोयाबीन आपण घरीच भरू. आदल्या रात्री ब्राउझरनं अपडेट मागितलं होतं, मी भोळ्या मनानं दिलं. मग रात्रभर लाईट नव्हती. ह्याला परभणीत कुणी घटना म्हणत नाही.

सकाळी एकही साइट उघडेना. जाईन तिथं लाल त्रिकोण, 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही'. अपडेटनंच घात केला, दुसरं काय! पुण्यातल्या पुतण्याला फोन लावला.

"काका, कॅशे क्लिअर करा." केली.

"एक्स्टेन्शन बंद करा." केली.

"मग उडवून परत टाका."

उडवला. उडवल्यावर कळलं, नवा उतरवून घ्यायलाही ब्राउझरच लागतो. शेवटी मोबाईलवर उतरवला आणि वायरनं कॉम्प्युटरात आणला. ब्राउझर नवा, त्रिकोण जुनाच. त्यात उडवताना 'डेटाही काढू का?' असं त्यानं विचारलं होतं. मी सवयीनं 'होय' दाबलं होतं, म्हणून पासवर्डही गेले. 'बनी तो बनी, नही तो परभणी' ही म्हण ज्यानं काढली, त्याच्याकडंही असलाच कॉम्प्युटर असणार.

दुपारी आई भगरीचं ताट घेऊन आली. "कामून रं तोंड उतरलं? उपास माझा हाय का तुझा?" मग स्क्रीनच्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "ह्यो एक जानेवारी कामून दाखवायलाय? आज तर कामिका एकादशी हाय."

एक जानेवारी 2010!

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा. लाईट नसली की आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. आमचा सेल कधीच मेलेला, पण बटण कायम चालू असायचं म्हणून झाकून गेलं. बरं, प्रत्येक साइटचं एक सर्टिफिकेट असतं, तहसीलच्या दाखल्यासारखं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालणारं. 2010 सालात बसलेल्या कॉम्प्युटरला 2024 चा दाखला दाखवला, तर तो बनावटच म्हणणार. अपडेट बिचारं निर्दोष. त्रिकोणाखाली बारीक अक्षरात 'तुमचं घड्याळ मागे आहे' असंही लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं. लाल रंग दिसला की आमच्या घरात कुणी पुढचं वाचत नाही.

तारीख बदलली आणि सगळं धडाधड उघडलं. न बदलता तसाच बसलो असतो, तर कॉम्प्युटरच्या हिशोबानं विम्याला साडेचौदा वर्षं बाकी होती. पासवर्ड नवा, ओटीपी तीनदा, आणि रात्री अकराला एक रुपया भरला.

दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानात गेलो. सेल तीस रुपयांचा.

"कशाचा, घड्याळाचा का?" दुकानदारानं विचारलं.

"हो," मी म्हटलं, "घड्याळाचाच."