शेवाळ काढायला रोबोट कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. किनाऱ्याजवळचं तरंगतं शेवाळ गोळा करणाऱ्या रोबोटवरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, हे परदेशी चोचले आहेत. वरळी-माहीमच्या चार होड्या आणि एक जाळं हेच काम स्वस्तात करतील. दोन, यंत्र शेवाळाबरोबर माशांची पिल्लंही गिळेल. तीन, तिकडचे रोबोट शेवाळ खोल समुद्रात बुडवून मोकळे होतात, इथे काढलेला माल टाकणार कुठे? तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, पण सुरुवात होड्यांपासून करू.

शेवाळाच्या दाट थरातून जाळं ओढलं की थोड्याच वेळात आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बुजतात. पाणी आरपार जायचं थांबतं, ओढ वाढते, डिझेल जळतं आणि जोर केला तर जाळं फाटतं. शिवाय इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत खेचलं जातं, त्या तोंडावर शेवाळ चिकटलं की इंजिन तापतं. पंख्याला गुंडाळा बसतो तो वेगळाच, आणि तो सोडवायला कुणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरायचं.

रोबोट इथे उपयोगी पडतो तो हुशार आहे म्हणून नाही, संथ आहे म्हणून. दोन तरंगते पाय, मधे पाण्यात उतरलेला तिरका सरकता पट्टा, बॅटरीवरची मोटर आणि वेग सेकंदाला अर्धा मीटर. समुद्राचं पाणी आत घ्यावं लागत नाही, म्हणून तोंड बुजायचा प्रश्न नाही. ढकलण्यासाठी पंख्याऐवजी पाणचक्कीसारखी फिरती चाकं घ्यावीत. जलपर्णी काढणाऱ्या यंत्रांना तीच असतात, कारण त्यांच्यात शेवाळ सहसा अडकत नाही. पंखाच बसवायचा असेल तर मोटरचा करंट सतत मोजायला हवा. नेहमी १२ अँपिअर घेणारी मोटर १८ घ्यायला लागली की गुंडाळा बसतोय असं समजावं, थांबवून तीन सेकंद उलटी फिरवावी. दोनदा करूनही करंट उतरला नाही तर पंखा पाण्याबाहेर उचलायचा. जबरदस्ती केली तर आधी सील जातं, मग पाणी आत शिरून मोटर.

आता तुमच्या होड्या परत येतात. पट्टा २ मीटर रुंद आणि वेग अर्धा मीटर धरला तर तासाला ३,६०० चौरस मीटर पाणी साफ होतं. चौरस मीटरला एक किलो ओलं शेवाळ असेल तर मिनिटाला ६० किलो. म्हणजे ३०० किलोची टाकी पाच मिनिटांत भरली! प्रत्येक वेळी धक्क्यावर जाऊन यायचं म्हटलं तर दिवस येण्या-जाण्यातच जाईल. म्हणून टाकी नको, मागे जाळीच्या पिशव्या हव्यात. पिशवी भरली की तोंड बांधायचं, बोया लावायचा, तरंगत सोडायची. त्या ओढून आणायला कोळ्यांची एक होडी पुरते. चार नकोत, पण एकही नको असं म्हणणाऱ्याने समुद्र पाहिलेला नाही.

४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ८० टक्के वापरले तर साधारण ३.८ युनिट वीज मिळते. चाकं आणि पट्टा मिळून दीड किलोवॅट खात असतील तर काम अडीच तास. मुंबईत तेवढंच हवं, कारण उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि मधल्या वेळी खाडीच्या तोंडाशी ओढ अशी असते की अर्ध्या मीटरच्या वेगाचं यंत्र जागच्या जागी चाक फिरवत राहील. भरती पूर्ण व्हायच्या सुमाराचा काळ साधायचा; पिशव्या धक्क्याला लागायलाही पाणी तेव्हाच असतं. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा 'रोज सकाळी ९ वाजता' असलं वेळापत्रक भिंतीवर लावू नये.

आपल्या गढूळ पाण्यात पाण्याखालचा कॅमेरा निकामी. वरून पाहणारा कॅमेरा हिरवी प्लास्टिकची पिशवी आणि शेवाळ यांत गोंधळतो, पण ते चालतं. दोन्ही काढायचंच आहे. चालत नाही ते डोलीच्या, म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात लावलेल्या, जाळ्यांच्या दोरांत घुसणं. खुंट कुठे आहेत ते कोळीवाड्यात विचारून नकाशात घालायचं आणि तेवढा भाग यंत्राला कायमचा बंद करायचा.

पिल्लांची तुमची भीती खरी आहे, पण ती पंपाने शेवाळ ओढणाऱ्या यंत्राला जास्त लागू पडते. २५ मिलिमीटर भोकांच्या पट्ट्यातून अंडी आणि बारीक कोळंबी खाली निसटते. शेवाळाच्या गुंत्यात दडलेले खेकडे मात्र वर येतात. पट्टा हळू ठेवून वरच्या टोकाला मिनिटभर थांबवला तर पाणी निथळतं आणि त्यातले काही परत पाण्यात जाऊ शकतात. खडकावर उगवलेलं जिवंत शेवाळ खरवडायला यंत्र वापरूच नये, हे मूळ लेखातही होतं. आणि जुहूला रात्री चमकणारं ते नॉक्टिलुका. एकपेशी, मिलिमीटरच्या आसपासचं. ते कुठल्याच पट्ट्यावर येत नाही.

आता बुडवण्याचं. कॅरिबियनमध्ये २०११पासून सरगॅसम या तरंगत्या तपकिरी शेवाळाचे प्रचंड थर येतात. ब्रिटनच्या सीवीड जनरेशन कंपनीने अल्गारे हा रोबोट ते गोळा करून खोल नेण्यासाठी बनवला. तिथल्या दाबाने शेवाळाचे हवेचे फुगे निकामी होतात आणि ते तळाशी जातं. मुंबईसमोर तेवढी खोली गाठायला तीनशेएक किलोमीटर जावं लागेल, इतका आपला उथळ पट्टा रुंद आहे. इथे बुडवलेलं शेवाळ पंधरा-वीस मीटरवर कुजून प्राणवायू खाईल, नाहीतर पुढच्या भरतीला दारात येईल.

म्हणजे जमिनीवरच आणायचं. ओल्या शेवाळात ८० ते ९० टक्के पाणी असतं, त्यामुळे पिशवी पुलीला टांगून रात्रभर निथळू द्यावी आणि मगच टेम्पोत भरावी. ढीग करून दोन दिवस ठेवला तर सडक्या अंड्याचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड आहे, बंद खोलीत धोक्याचा. निवडून प्लास्टिक बाजूला, मग गोड्या पाण्याने एकदा धुऊन एक भाग शेवाळ, तीन भाग सुका पाला असं खत लावता येतं. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातलं शेवाळ जड धातू शोषतं, म्हणून असं खत भाजीला किंवा शेवाळ गुरांना नको. बागेतल्या फुलझाडांना द्या, तेही प्रयोगशाळेत क्षार आणि शिसं-कॅडमियम तपासून.